तिकीट एकाचं, विमान भलत्याचं

विमानाच्या तिकिटावर तेरा आकडी नंबर असतो. तो कुणी वाचत नाही. लोक तारीख बघतात, नावाचं स्पेलिंग तपासतात, किती किलो सामान चालेल ते विचारतात आणि कागदाची घडी करून पासपोर्टात ठेवून देतात. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी त्या नंबरातले पहिले तीन आकडे बोट ठेवून दाखवते. ०९८ असेल तर तिकीट एअर इंडियाचं, २२० असेल तर लुफ्तान्साचं, ०१६ युनायटेडचं, २३५ टर्किशचं. ज्या विमानात बसाल त्याच्या शेपटीवर कुठलंही चित्र असो, तुमचं तिकीट ज्याने फाडलं तो हा. वाटेत काही बिनसलं तर कुणाच्या दारात जायचं, हे या तीन आकड्यांवरूनच ठरायला हवं. तसं ठरत नाही, ही माझी तक्रार.

पडावात, रेल्वेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर आमचं तिकिटांचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते रेल्वे रिझर्व्हेशनसाठी काढलं. शताब्दीचं तिकीट हवं असलं की अर्धं लष्कर त्यांच्याकडे येई. (लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा शिंदेशाही भाग, फौज नव्हे. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं.) रेल्वेचं काम मोबाइलने खाल्लं. आता माझ्या टेबलाशी येतात ते परदेशी जाणारे, आणि त्यांतले बरेचसे साठी-सत्तरीतले. जनकगंज, दाणाओळी, चिटणीसांची गोठ इथल्या जुन्या मराठी घरांत आता नवरा-बायको दोघंच उरलीत. मुलगा अमेरिकेत रॅलेला, मुलगी म्युनिकला. सवड मिळेल तशी फेरी होते. थंडीत गेले तर सामानात मुरैन्याची गजक, एरवी नया बाजारातल्या बहादुराचे लाडू, आणि गोडा मसाला बारमाही. प्रश्नही ठरलेले असतात. "टिकट एकच आहे ना?" आणि "सामान सीधं रॅलेलाच निघेल ना?" आमच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली आहे की ती वेगळी काढता येत नाही, आणि प्रश्न मात्र दोन्ही अगदी मुद्द्याचे आहेत.

ग्वाल्हेरचा विमानतळ महाराजपुऱ्यात, हवाई दलाच्या तळाला लागून. त्याला राजमाता विजयाराजे शिंद्यांचं नाव आहे. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. ज्योतिरादित्य शिंदे तेव्हा हवाई वाहतूक मंत्री होते, त्यामुळे काम झपाट्याने उरकलं आणि इमारतही देखणी उभी राहिली. पण तिथून परदेशी विमान उडत नाही. दिल्ली किंवा मुंबई गाठायची, तिथून बहुधा युरोप नाहीतर आखात, तिथून अमेरिकेचा एखादा मोठा विमानतळ आणि मग रॅले. महाराजपुऱ्यापासून रॅलेपर्यंत सगळा पल्ला स्वतःच्या विमानाने मारणारी कंपनी जगात नाही. म्हणजे तिकिटावर दोन-तीन कंपन्या आल्याच. नागपूर, कोल्हापूर, नाशिकच्या माणसाची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

या भागीदारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिच्यामुळेच माझं दुकान चालतं आणि तिच्यामुळेच आजी-आजोबा नातवाच्या मुंजीला पोचतात. तिचे दोन प्रकार आहेत. कोडशेअरमध्ये विमान एकाचं असतं, पण दुसराही त्यावर आपला नंबर लावतो आणि आपल्या नावाने सीट विकतो. इंटरलाइनमध्ये नंबर ज्याचा त्याचाच राहतो, पण तिकीट एक निघतं आणि बॅगेला शेवटच्या गावाची चिठ्ठी लागते. भागीदारीसाठी कंपन्यांनी अलायन्स नावाचे गटही बांधले: स्टार अलायन्स १९९७ साली निघाली, वनवर्ल्ड १९९९ साली, स्कायटीम २००० साली; एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टारमध्ये गेली. पण भागीदारीला अलायन्स लागतेच असं नाही. इंडिगो कुठल्याही अलायन्समध्ये नाही, तरी बऱ्याच परदेशी कंपन्यांशी तिचे करार आहेत.

अडीअडचणीला ही व्यवस्था कशी उपयोगी पडते ते वॉशिंग्टनच्या प्रवाशांनी पाहिलं. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन विमान थांबवलं. ड्रीमलायनर विमानं एकेक करून नूतनीकरणासाठी जात होती, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झाल्यामुळे वाटही लांबली होती. प्रवाशांसाठी पर्याय निघाला तो भागीदारांचा: न्यूयॉर्क, न्यूआर्क, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत एअर इंडिया आणि पुढे अलास्का, युनायटेड नाहीतर डेल्टा. तिकीट एकच. ही सोय नसती तर लोकांना पुढचा तुकडा आपापला शोधावा लागला असता.

कल्पना नवी नाही. १९४५ साली हॅवानामध्ये आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना उभी राहिली, आणि एका कंपनीचं तिकीट दुसरीने मानायचं ही रीत तिच्याच छत्राखाली जगभर रुजली. जे. आर. डी. टाटा १९५८-५९ मध्ये तिचे अध्यक्ष होते. सासऱ्यांच्या कपाटात एक जुनं कागदी तिकीट अजून आहे. पातळ पानांची पुस्तिका, मागे लाल कार्बन, एका विमानाला एक पान. ज्याच्या विमानात चढाल त्याने आपलं पान फाडून घ्यायचं आणि त्या पानाच्या जोरावर पहिल्या कंपनीकडून पैसे वसूल करायचे. त्या पानावर कुणाचं विमान ते डोळ्यांसमोर असे. १ जून २००८ पासून कागदी तिकीट बंद झालं. नव्या तिकिटाचा कागद छापला की विकणाऱ्याचं नाव ठळक येतं आणि प्रत्यक्ष उडवणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरांत, 'ऑपरेटेड बाय' असं लिहून. वाचायला चष्मा बदलावा लागतो.

दाणाओळीतले एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी गेल्या हिवाळ्यात रॅलेला निघाले. तिकीट मुलाने तिकडून काढलं होतं. माझ्याकडे आले ते प्रिंट काढायला. कंपन्या तीन होत्या, त्यांची नावं इथे सांगत नाही. दिल्लीपर्यंत पहिली, युरोपपर्यंत दुसरी, तिथून अटलांटिक ओलांडून घरापर्यंत तिसरी. तिकीट पहिलीचं. कागदावर पीएनआर एकच छापलेला, आणि तो तिसऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला तर 'असं बुकिंग नाही' असं उत्तर. प्राध्यापकांचा चेहरा उतरला. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक कंपनी आपल्या वहीत आपला वेगळा पीएनआर ठेवते आणि विकणारा बहुधा आपला तेवढाच छापतो. मी सिस्टीममधून बाकीचे शोधून पेनाने वर लिहून दिले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. काकूंच्या गुडघ्यासाठी मुलाने पैसे भरून कडेची सीट घेतली होती, ती दुसऱ्या कंपनीपर्यंतच पोचली होती. तिसरीने त्यांना मधल्या सीटवर बसवलं होतं. फोन करून ते सुटलं.

युरोपात पोचायला विमानाला उशीर झाला. पुढचं विमान निघायचं होतं ते दार प्राध्यापकांना सापडेना, कारण पाटीवर एकाच विमानाचे चार-पाच नंबर आळीपाळीने झळकत होते आणि यांच्या तिकिटावरचा नंबर क्षणभर येऊन जायचा. दार सापडेपर्यंत ते बंद झालं होतं. मग फिरवाफिरव सुरू झाली. तिसऱ्या कंपनीच्या खिडकीवर सांगितलं, तिकीट आमचं नाही. दुसरीने सांगितलं, आम्ही इथवर आणलं, पुढचं ते बघतील. पहिलीचं तिथे माणूसच नव्हतं; तिच्या इथल्या नंबरावर नुसतं संगीत वाजत राहिलं. त्या देशाचा व्हिसा नसल्यामुळे बाहेर हॉटेलात जायची सोय नव्हती. रात्र खुर्च्यांवर काढली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दया दाखवून दुसऱ्या विमानात बसवलं, बॅगा नंतर कधीतरी आल्या, आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्या बॅगांत. रॅलेहून प्राध्यापकांचा फोन आला. आवाज चिडका नव्हता, शिकवताना शंका विचारावी तसा होता. म्हणाले, "सूनबाई, भांडायचं नक्की कुणाशी?"

कायद्यात या प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते एका ओळीत मावत नाही. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ साली स्वीकारला. बॅगेच्या बाबतीत त्यातली तरतूद प्रवाशाच्या बाजूची आहे. एकापाठोपाठ एक कंपन्यांनी प्रवास घडवला असेल तर पहिलीवर, शेवटचीवर किंवा जिच्या ताब्यात असताना घोटाळा झाला तिच्यावर, कुणावरही दावा लावता येतो. प्रत्यक्षात तक्रार जिथे उतरलात तिथल्या शेवटच्या कंपनीकडे, विमानतळ सोडण्याआधी नोंदवायची असते. बॅग फुटली-मोडली तर ती मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा आली तर एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं चलन. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या वर जाते. ही मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. औषधं, कपडे, जे घ्यावं लागलं त्याच्या पावत्या लागतात. प्राध्यापकांनी पावत्या ठेवल्या होत्या. हिशेबी माणूस.

उशिराच्या बाबतीत मात्र गुंता आहे. कोडशेअर असेल तर विकणारा आणि उडवणारा दोघेही बांधलेले असतात. इंटरलाइन असेल तर साधारणपणे ज्याच्या टप्प्यात उशीर झाला त्यालाच धरायचं; पहिल्या कंपनीने सगळ्या प्रवासाची हमी आपणहून घेतली असेल तरच ती सापडते. माझ्या टेबलावर ही दोन्ही तिकिटं सारख्याच कागदावर, सारख्याच अक्षरांत छापून निघतात. कोर्टात त्यांची वाट वेगळी होते. सत्तर वर्षांच्या माणसाने हा भेद रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर ओळखावा अशी अपेक्षा आहे.

युरोपच्या न्यायालयाने हा गुंता आपल्यापुरता सोडवून टाकला. प्रागहून अबू धाबीमार्गे बँकॉकला निघालेले अकरा प्रवासी होते. तिकीट चेक एअरलाइन्सकडून घेतलेलं. प्राग–अबू धाबी तिने वेळेवर नेलं. पुढचं विमान भागीदार एतिहादचं, आणि ते बँकॉकला ४८८ मिनिटं उशिरा पोचलं. चेक कंपनीचं म्हणणं होतं की आमचा टप्पा बिनचूक पार पडला, आमचा काय संबंध? ११ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने सांगितलं: बुकिंग एक, म्हणून प्रवास एक, ज्याने तो विकला आणि सुरू केला त्याने प्रवाशाला भरपाई द्यावी आणि नंतर भागीदाराकडून वसूल करून घ्यावी. लग्नाच्या केटररने जिलबी बाहेरून मागवली आणि ती कमी पडली, तर यजमान त्या हलवायाला शोधत गावभर फिरत नाही, केटररलाच धरतो. न्यायालयाने याहून अवघड काही सांगितलेलं नाही. पण हा नियम युरोपातून निघणाऱ्या आणि युरोपीय कंपन्यांनी तिकडे नेलेल्या प्रवाशांपुरता आहे. त्यामुळे म्युनिकला गेलेला आपला माणूस परतीच्या वाटेवर जास्त सुरक्षित आणि जाताना कमी, असा विनोद घडतो.

विमान दुसऱ्याचं असताना जबाबदारी कुणी घ्यायची, याचं एक उदाहरण ग्वाल्हेरच्याच माणसाने घालून दिलेलं आहे. १९९३ चा जानेवारी. वैमानिकांचा संप चालू होता, म्हणून इंडियन एअरलाइन्सने उझबेकिस्तानकडून टुपोलेव्ह-१५४ विमानं चालकांसकट भाड्याने घेतली होती. ९ तारखेला हैदराबादहून आलेलं असं एक विमान दिल्लीत उतरताना कोसळलं आणि पेटलं. सुदैवाने एकही जीव गेला नाही. तिकीट इंडियन एअरलाइन्सचं, विमान उझबेक, चालकही उझबेक. हवाई वाहतूक मंत्री होते माधवराव शिंदे. विमान परक्यांचं होतं, चौकशी होऊ द्या, असं म्हणून त्यांना वेळ मारून नेता आली असती. त्यांनी राजीनामा दिला. शिंद्यांच्या महालावर टीका करणारे आमच्या शहरात कधीच कमी नव्हते, आमच्या घरातही होते, पण त्या दिवशी सासऱ्यांनी दुकानात रेडिओ मोठा केला होता. तिकीट ज्याच्या नावाने विकलं त्याने उत्तर द्यायचं, हा आग्रह माझ्या डोक्यात तिथूनच बसला असावा. मंत्र्याने जे केलं ते कंपनीच्या काउंटरवरच्या मुलाकडून मागणं फार आहे का?

आता आमच्याकडच्या धुक्याबद्दल. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरलाही धुकं आणि दिल्लीलाही. सकाळी सहाला फोन येतो: "विमान लेट दाखवतंय, आम्ही टॅक्सीने दिल्लीला निघतो, पुढचं विमान तिथून पकडू." इथे मी ओरडते. एका तिकिटातला पहिला टप्पा न सांगता सोडलात तर कंपनीच्या लेखी तुम्ही 'नो-शो' होता आणि पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचेसुद्धा. दिल्लीच्या काउंटरवर घामाघूम होऊन पोचलेल्या माणसाला मग सांगितलं जातं की तुमचं तिकीटच शिल्लक नाही. विमान कंपनीनेच रद्द केलं असेल तर गोष्ट वेगळी; पण तेव्हाही आधी कंपनीकडून तिकिटात बदल करून घ्यायचा, नवा कागद हातात आला की मगच टॅक्सी. यात जोड-कंपन्या असल्या की बदल करणारा एक आणि तो बदल मान्य करणारे दोन. पहिलीने बदललं, तिसरीच्या वहीत ते उतरलंच नाही, असंही होतं. म्हणून थंडीत परदेशी जाणाऱ्याला मी आदल्या दिवशीच दिल्लीत मुक्कामाला पाठवते, आणि तसं असेल तर तिकीट मुळातच दिल्लीपासून काढते.

पण मग सामानाचं गणित बदलतं. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक वेळा माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात. महाराजपुऱ्यापासून एकच तिकीट असेल तर दिल्लीपर्यंतच्या छोट्या विमानातही तोच नियम चालतो. दिल्लीपर्यंतचं तिकीट वेगळं काढलंत की देशांतर्गत पंधरा किलो, आणि उरलेल्या एकतीस किलोंचे पैसे मोजा. अनेक कंपन्या असतील तर कुणाचा सामानाचा नियम धरायचा याचीही रीत आहे: अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या तिकिटाला तिथल्या सरकारने पहिल्या विकणाऱ्या कंपनीचाच नियम अखेरपर्यंत लावायला सांगितलेलं आहे. काउंटरवरचा माणूस ते विसरला तर त्याला आठवण करून देता आली पाहिजे. आणि सामान 'सीधं' निघतं त्याला एक अपवाद आहेच. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बहुतेक वेळा बॅगा स्वतः उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी परत पट्ट्यावर टाकाव्या लागतात, चिठ्ठीवर रॅले छापलेलं असलं तरी. हे माहीत नसलेले लोक बॅगा फिरत्या पट्ट्यावर सोडून पुढे जातात.

दर आठवड्याला कुणाचा तरी मुलगा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतो: "काकू, ॲपवर हेच तिकीट पंधरा-वीस हजारांनी स्वस्त आहे." हेच नसतं ते. ॲपने दोन-तीन वेगळी तिकिटं एका पानावर मांडून ठेवलेली असतात. दिसायला एक प्रवास, आतून सगळे अनोळखी. मधल्या विमानतळावर बॅग उचला, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. बाहेर यायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्याच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले गिऱ्हाईक. सव्वीस वर्षांच्या मुलाने पाठीवर सॅक टाकून असं जावं, खुशाल जावं. आईला पाठवू नये.

एका तिकिटातही खोच असते. म्युनिकला उतरून फ्रँकफर्टहून अमेरिकेचं विमान घेणारा मार्ग बऱ्याचदा स्वस्त दिसतो. म्युनिक–फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या आतला प्रवास. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टावर असला तरी त्या एका तासाच्या उड्डाणासाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर दिल्लीतच विमानात चढू देत नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी ताजी खोच मुंबईची. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला. गावाहून आलेलं विमान तिथे उतरतं आणि परदेशी विमान सहारच्या जुन्या विमानतळावरून सुटतं, असं तिकीट सहज निघू शकतं. कागदावर दोन्हीकडे 'मुंबई'च लिहिलेलं असतं. मध्ये खाडी आहे आणि मुंबईची वाहतूक आहे.

कुणी म्हणेल, ही बाई एजंट आहे, ॲपच्या नावाने बोटं मोडणारच. बरोबर आहे, पोट माझंही आहे. बऱ्याच विमान कंपन्यांनी आमचं ठरलेलं कमिशन केव्हाच बंद केलं. मी गिऱ्हाइकाकडून सरळ सेवाशुल्क घेते आणि ते पावतीवर लिहिते. पण माझ्यासारखी दुकानं उद्या बंद झाली तरी प्राध्यापकांचा प्रश्न तसाच राहणार आहे. तिसरा पीएनआर पेनाने लिहून देणारं कुणी नसेल, एवढाच फरक पडेल. सेवा म्हणून मी जे करते ते खरं तर विकणाऱ्याने स्वतःहून करायचं काम आहे.

कंपन्यांचाही युक्तिवाद मी ऐकलेला आहे. भागीदाराच्या विमानावर आमचं नियंत्रण नसतं, त्याचा उशीर आम्ही का भरावा? मग त्याच्या विमानावर आपला नंबर लावताना नियंत्रण आठवत नाही का? त्या सीटचं भाडं आपल्या दराने ठरवता, जाहिरातीत 'आम्ही इतक्या शहरांत नेतो' म्हणून ती शहरं मोजता. मोजताना भागीदार आपला आणि भरपाई देताना परका, हे चालू नये. आपसांतले हिशेब त्यांनी आपसांत मिटवावेत. कागदी तिकिटाच्या काळापासून त्यासाठी त्यांची स्वतःची यंत्रणा आहे आणि ती रोज चालते.

माझं डीजीसीएकडे, म्हणजे हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, मागणं तेवढंच आहे. भारतात विकलेल्या प्रत्येक तिकिटावर, पैसे घेण्याआधी, ठळक अक्षरांत यावं की कुठला टप्पा कुणाचं विमान नेणार, त्या प्रत्येकाचा पीएनआर काय आणि सामानाला नियम कुणाचा. आणि तिकिटाचे पहिले तीन आकडे ज्याचे, त्याने शेवटच्या गावापर्यंत प्रवाशाला पोचवावं, मधे कुणीही चुकलं असलं तरी. त्यासाठी त्याचा एक फोन नंबर असावा आणि तो रात्री दोन वाजता माणसाने उचलावा. हे छापायला कागदावर चार ओळी पुरतात. सध्या त्या जागेत हॉटेलची जाहिरात असते.